आवाज स्पीकरचा की खोलीचा?

‘‘साधे दाखवू की स्टुडिओचे?’’ स्पीकर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला हल्ली दुकानात हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. पूर्वी तो कुणी विचारत नसे. स्टुडिओतले स्पीकर काचेपलीकडच्या खोलीत, ध्वनिमुद्रकाच्या टेबलावर असायचे, आणि आपल्या घरातले शोकेसमध्ये, फुलदाणीच्या शेजारी. दोघांची कधी गाठ पडत नव्हती. मग संगणक आला, घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित होऊ लागली, आणि स्टुडिओ मॉनिटर नावाचं खोकं साध्या स्पीकरच्या फळीवर येऊन बसलं. किंमतही फार वेगळी राहिली नाही. साहजिकच माणसाला वाटतं, ज्या स्पीकरवर गाणं घडलं त्यावरच ते ऐकलं तर अस्सल ऐकायला मिळेल.

विचार सरळ आहे. त्यात एक गोष्ट मात्र सुटते, ती म्हणजे आपली खोली. मी कवितेचा माणूस, विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. पण आयुष्यभर शब्द ऐकण्याचाच धंदा केला, त्यामुळे तो कुठे आणि कशानं बिघडतो, याची चौकशी करण्याची सवय जडली. त्या चौकशीत जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी ही दोन खोकी कोण, ते पाहू. मॉनिटर म्हणजे देखरेख करणारा. शाळेत वर्गाचा मॉनिटर असतो ना, गुरुजी बाहेर गेले की कोण दंगा करतोय त्याची नावं फळ्यावर लिहिणारा, तसाच हा. गायकाच्या श्वासाचा फुत्कार, पेटीच्या भात्याची फुसफुस, तबलजीच्या बोटातली अंगठी घासल्याचा आवाज, हे सगळं त्यानं दाखवून द्यायचं. कुठलाही सूर पदरचा वाढवायचा नाही, कुठलाही झाकायचा नाही, ही त्याची नोकरी. घरगुती स्पीकरची नोकरी वेगळी. दमून आलेल्या माणसाला त्यानं बरं वाटायला लावायचं. म्हणून काही कंपन्या खर्ज थोडा फुगवतात, वरच्या पट्टीला थोडी झिलई देतात. पहिल्या दोन मिनिटांत आवाज भरदार, चकचकीत वाटतो. दोन तासांनी कान शिणतो, तो भाग वेगळा.

मात्र ही वाटणी वाटते तितकी पक्की नाही. चांगले घरगुती स्पीकर बनवणारेही आवाज सरळ ठेवण्याचाच प्रयत्न करतात. उलट ‘स्टुडिओ मॉनिटर’ हे नाव खोक्यावर छापण्यासाठी कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही. कुणीही छापू शकतो, आणि छापतातही. खरा ठळक फरक आहे तो पोटातला. आजच्या बहुतेक मॉनिटरमध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो, तोही वूफरला वेगळा आणि ट्वीटरला वेगळा. घरगुती जोडीला तो सहसा बाहेरून लावावा लागतो, आणि एकाच तारेतून आलेला आवाज खोक्यात शिरल्यावर खालचा-वरचा असा वाटला जातो. पैशाचा हिशेब करताना हे लक्षात ठेवावं. दुसरीकडे मॉनिटरच्या प्रत्येक खोक्याला विजेचं स्वतंत्र बटण लागतं, आणि रात्रीच्या शांततेत जवळ बसलं तर स्वस्तातल्या काहींची बारीक ‘सूं’ ऐकू येते.

या दोन जाती किती जवळच्या आहेत, हे दोन प्रसिद्ध खोक्यांच्या चरित्रावरून कळतं.

जपानच्या यामाहा कंपनीनं १९७८ साली एनएस-१० नावाचा स्पीकर काढला. काळी पेटी, पांढरा शुभ्र वूफर. तो काढला होता घरांसाठी, दिवाणखान्यात ठेवून गाणी ऐकायला. घरांनी त्याचं काही फारसं स्वागत केलं नाही. खर्ज कमी, आवाज रुक्ष, वरचे सूर कानाला टोचणारे. पण ध्वनिमुद्रकांच्या हाती तो लागला आणि त्यांना उमगलं की हा टोचतो तिथेच मुद्रणात खोट असते. यावर गोड लागलेलं गाणं इतर कुठेही गोडच लागतं. जगभरच्या स्टुडिओंमध्ये तो पांढरा वूफर दिसू लागला. ट्वीटरची धार बोथट करायला कित्येकजण त्यावर चक्क पातळ टिश्यू पेपर चिकटवत. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी जुन्या जोड्या लोक अजून जपून वापरतात. घरासाठी जन्मला आणि स्टुडिओत नांदला.

दुसरा याच्या अगदी उलट. तो आपल्या रेडिओच्या भाऊबंदांतला आहे म्हणून जरा आपुलकीनं सांगतो. १९७० च्या दशकात बीबीसीला बाहेरच्या कार्यक्रमांसाठी एक छोटा मॉनिटर हवा होता. कार्यक्रम सभागृहात, पण ध्वनिमुद्रक बसणार बाहेर उभ्या केलेल्या गाडीत, दाटीवाटीच्या जागेत. मोठी खोकी तिथे मावणार नाहीत. बीबीसीच्या अभियंत्यांनी दोन्ही हातांत सहज उचलता येईल एवढी पेटी तयार केली. तिचं नाव एलएस३/५ए, आतली जागा जेमतेम पाच लिटरची. बीबीसीच्या लोकांची एक जुनी पद्धत होती. समोर जिवंत माणूस बोलतोय, तोच आवाज स्पीकरमधून येतोय, आणि आळीपाळीनं दोन्ही ऐकून फरक शोधायचा. माणसाचं बोलणं आपण जन्मापासून ऐकतो, त्यामुळे त्यातली खोट कान चटकन पकडतो. ही पेटी माणसाचा आवाज इतका खरा काढायची की बीबीसीनं परवाना दिलेल्या कंपन्यांकडून ती बाहेर विकली जाऊ लागली, आणि ज्यांचा ध्वनिमुद्रणाशी काडीचा संबंध नाही अशा रसिकांच्या घरांत जाऊन बसली. तिचे नवे अवतार आजही बनतात. गंमत अशी की या सत्यवचनी पेटीतसुद्धा खर्जाच्या वरच्या भागाला हलकासा उठाव दिलेला होता. एवढ्याशा खोक्यातून खोल खर्ज निघणार नाही, तेव्हा कानाची थोडी समजूत काढलेली!

तर घरचा स्टुडिओत गेला, स्टुडिओतला घरी आला. म्हणजे खोक्यावरच्या नावात फारसं काही नाही. मग फरक पडतो तो कशानं?

मी ज्या कक्षात बसून हे भाषण करतोय, तिथल्या भिंतींना भोकं पाडलेले तक्ते आहेत आणि तक्त्यांमागे आवाज गिळणारा लोकरीसारखा थर. खाली जाजम, दाराला दुहेरी कवाड. इथे पहिल्यांदा बोलणारा माणूस बावचळतो. आपलाच आवाज तोंडातून निघून कुठे नाहीसा होतो ते त्याला कळत नाही. याला म्हणतात संस्कार केलेली खोली. आपल्या घराच्या खोलीवर असा कुठलाच संस्कार झालेला नसतो. प्लास्टरच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, खिडकीला काच, कोपऱ्यात लोखंडी कपाट. टाळी वाजवून पाहा. रिकाम्या खोलीत टाळीमागून ‘टर्रर्र’ असा बारीक कंप येतो. समोरासमोरच्या दोन भिंती तो आवाज चेंडूसारखा एकमेकींकडे फेकत असतात. विजापूरच्या गोल घुमटात हाच खेळ भव्य प्रमाणावर चालतो आणि आपण तिकीट काढून तो ऐकायला जातो. घरात तो फुकट असतो, म्हणून लक्षात येत नाही.

जुन्या कौलारू घरात हा त्रास कमी होता. खालचे जाड सूर कौलांच्या फटींतून, फळ्यांच्या माळवदातून बरेचसे निघून जात आणि परत येत नसत. सिमेंटच्या पेटीतून ते जाणार कुठे?

खोली आवाज किती वेळ धरून ठेवते, हे मोजण्याचं शास्त्र ज्यानं उभं केलं त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात गाद्या आहेत. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधून तयार झालं आणि तिथे व्याख्यान ऐकूच येईना. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्यात वक्ता दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघा काही करता आलं तर. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरेपर्यंत किती वेळ लागतो ते हातातल्या घड्याळावर मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. त्या रात्रींमधून जे सूत्र निघालं त्याच्या जोरावर १९०० साली बॉस्टनचं सिंफनी हॉल बांधलं गेलं, आणि ते जगातल्या उत्तम संगीतगृहांत आजही गणलं जातं.

तेच सूत्र आपल्या खोलीला लावू. समजा खोली आहे बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. पूर्ण रिकामी असेल तर त्यातला आवाज विरायला दोन सेकंदही लागू शकतात. आता तिच्यात कापसाची एक मोठी गादी आणून टाका. मधल्या आणि वरच्या पट्टीतला जेवढा आवाज चारी भिंती, छत आणि फरशी मिळून गिळतात, त्याहून जास्त ती एकटी गादी गिळते. पडदे, दिवाण, पुस्तकांचं कपाट आणि चार माणसं आली की घुमण्याचा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. हे झालं शब्दांचं, टाळीचं, झांजेचं.

खर्जाचं दुखणं वेगळं आहे आणि ते गादीनं बरं होत नाही. आवाजाची लाट हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावते. झांजेच्या किणकिणाटाची लाट काही सेंटिमीटरांची, पण ५० हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळपास सात मीटर लांब. ती आपल्या खोलीत पूर्ण मावतच नाही. काही ठरावीक लाटा मात्र भिंतींच्या मापात अशा चपखल बसतात की ज्या भिंतीवरून परतल्या त्याच चालीनं पुन्हा पुन्हा येत राहतात आणि फुगतात. आपल्या खोलीत बारा फुटांच्या लांबीत बसणारी लाट ४७ हर्ट्झची, दहा फुटांच्या रुंदीत बसणारी ५७ ची. उंचीही दहाच फूट, म्हणून पुन्हा ५७, म्हणजे एकावर एक ताण. मग त्यांच्या दुपटी, ९४ आणि ११३.

हे आकडे कोरडे वाटतील, पण गाण्यात आणा. एखादी गायिका काळी पाचमध्ये गातेय. तिच्या तानपुऱ्याच्या खर्जाची तार ११६-११७ हर्ट्झच्या आसपास वाजते. खोलीची आवड ११३. त्या तारेला खोली आपला गळा देते आणि चार तारांतली ती एकच तार इतरांच्या डोक्यावर बसते. गायिका बदलली, पट्टी बरीच खाली उतरली, की तो घुमारा ओसरतो. आपण म्हणतो, या सीडीचं रेकॉर्डिंग चांगलं नाही, ती चांगली आहे.

पुन्हा ही फुगलेली लाट खोलीत सगळीकडे सारखी नसते. भिंतींना लागून ती सगळ्यात मोठी. लांबीच्या बरोबर मध्यावर ४७ ची लाट जवळपास नाहीशीच होते. आता आपल्या घरात बसायची जागा कुठे असते? दिवाण भिंतीला टेकलेला. आणि स्पीकर? कोपऱ्यात, शोकेसमध्ये. भिंतीला चिकटवलेल्या स्पीकरचा खर्ज ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो, कोपऱ्यात त्याहून अधिक. म्हणजे बोलणाराही भिंतीशी आणि ऐकणाराही भिंतीशी. दोघांच्या मध्ये मग मॉनिटर असो नाहीतर दुसरं काही, ऐकू येतो तो मुख्यतः खोलीचा खर्ज.

आता एक घरचा दाखला. आमच्या अब्बांचा आवाज असलेली एकच कॅसेट आमच्याकडे आहे. १९८० च्या दशकात, एका लग्नघरी, कुणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवला आणि अब्बा बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलत राहिले. त्यात एक वाक्य आहे. थोरल्या आपाच्या मते ते असं : ‘त्या साली आमची ज्वारी सरली नाही.’ भाईजान म्हणतात, नाही, अब्बा म्हणताहेत, ‘त्या साली आमची ज्वारी भरली नाही.’ एका अक्षराचा फरक, पण अर्थ पार उलटा. सरली नाही, म्हणजे घरात दाणे होते आणि शेजारपाजारच्यांना दिले असतील. भरली नाही, म्हणजे आम्हीही रांगेत उभं राहून तांबडा मिलो आणला. घरात हा वाद बरीच वर्षं चालला. भाईजानांना मिलोच्या भाकरीची चव आठवते, आपाला अम्मीनं पदराखालून नेलेली पायली. दोघांनाही आपली आठवण खोटी ठरायला नको होती.

आमचा भाचा व्हिडिओ संपादनाचं काम करतो. त्यानं कॅसेटवरचा आवाज संगणकात उतरवला आणि आपली मॉनिटरची जोडी माझ्या घरी घेऊन आला. टेबलावर मांडली, मला हातभर अंतरावर बसवलं. ‘‘मामू, तुमचे स्पीकर गोड बोलतात, खरं बोलत नाहीत. आता ऐका.’’ ऐकलं. ‘सरली.’ कॅसेटच्या खरखरीतून ‘स’चा बारीक शीत्कार स्पष्ट निघाला. आपाला बोलावलं, भाईजानांना बोलावलं. भाईजान तीनदा ऐकून उठले आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले.

भाचा खूश. पण मला आणखी एक पाहायचं होतं. त्याला म्हटलं, आता माझे जुने स्पीकर शोकेसमधून काढून याच जागी ठेव. कुरकुरत ठेवले. त्यांवरही ‘सरली’च ऐकू आलं. थोडं मऊ, पण नि:संशय. मग मॉनिटर शोकेसच्या कोपऱ्यात ठेवले आणि आम्ही दिवाणावर जाऊन बसलो, नऊ-दहा फुटांवर. आता ‘स’ की ‘भ’, छातीवर हात ठेवून कुणालाच सांगता येईना.

याचं कारण सोपं आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज आपल्याकडे दोन वाटांनी येतो. एक थेट, दुसरा भिंतींना थडकून. साध्या खोलीत साधारण तीन-चार फुटांपलीकडे गेलं की थडकून आलेला आवाज थेट आवाजापेक्षा जास्त होतो. आवाज एका मिलिसेकंदात फूटभराहून थोडा अधिक जातो, त्यामुळे हे पडसाद इतक्या चटकन येतात की मेंदू त्यांना वेगळा प्रतिध्वनी म्हणून ओळखत नाही, मूळ आवाजातच कालवून टाकतो. ‘खोली घुमतेय’ असं आपल्याला वाटत नाही, ‘स्पीकर असा आहे’ असं वाटतं. त्यात खर्जाची एक खोड अशी की तो बारीक आवाजांना सहज झाकतो. बारीक आवाज खर्जाला तसं झाकू शकत नाहीत. ‘भरली’तला ‘भ’ गळ्यातून येणारा, जाड. ‘स’ म्हणजे दातांमधली नुसती हवा. घुमाऱ्यात आधी जातो तो ‘स’.

म्हणजे मॉनिटरला आपण ज्याचं श्रेय देतो त्यातलं बरंचसं श्रेय जवळ बसण्याचं आहे. ध्वनिमुद्रक मॉनिटरपासून हात-दीड हातावर बसतो. आपण घरगुती स्पीकरपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसतो, आणि मग दोघांची तुलना करतो. मात्र हे सगळ्या स्पीकरना लागू नाही. कमरेएवढे उंच, तीन-तीन चार-चार तोंडांचे स्पीकर हातभर अंतरावर विस्कटतात. त्यांतले सूर जुळून यायला थोडी मोकळी जागा लागते. आणि कॅसेटमध्ये त्या लग्नघराच्या खोलीचा जो घुमारा मुद्रित झालाय, तो कुठल्याही स्पीकरनं जाणार नाही. ऐकताना आपण नेहमी एका खोलीत बसून दुसरी खोली ऐकत असतो.

तुलना करायचीच असेल तर प्रामाणिकपणे कशी करावी, तेही सांगतो. दोन्ही जोड्या आळीपाळीनं एकाच जागी ठेवा, एकाच्या शेजारी दुसरी नव्हे, आणि ऐकणाऱ्यानं आपली खुर्ची हलवू नये. दोघांचा आवाज सारखा करून घ्या. मोबाइलवर आवाज मोजायची सोय असते, ती नेमकी नसली तरी बरोबरी साधायला पुरते. हे फार महत्त्वाचं, कारण एखाद्या डेसिबलनं मोठा असलेला स्पीकर कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानदारांना हे आपल्याआधीपासून माहीत आहे. त्यात आवाज लहान केला की कान खर्ज आधी गमावतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता हळू आवाजात गाणी ऐकणाऱ्याला सरळ मॉनिटर बारीक, रोडका वाटू शकतो, आणि खर्ज थोडा चढवलेला घरगुती स्पीकर बरोबर वाटू शकतो. त्या माणसाची आवड हलकी आहे असं कुणी म्हणू नये.

आणि डोळे मिटा. खरं तर पडदाच लावा. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत एक प्रयोग केला. कंपनीच्याच माणसांना काही स्पीकर आधी पडद्याआड ऐकवले, मग समोर ठेवून. समोर दिसू लागताच गुण बदलले. भारदस्त दिसणारे वर गेले, छोटं आणि स्वस्त होतं ते खाली आलं. आवाज तोच होता. रोज स्पीकरमध्ये वावरणाऱ्यांची ही गत, तर आपली काय कथा!

खोलीचं काय करावं? अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नयेत. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोरांमध्ये हा समज जुना आहे. त्यांनी फार तर वरच्या पट्टीतला आवाज थोडा विखुरतो. इंच-दीड इंचाच्या स्पंजच्या चौकटींचंही तेच. त्या झांजेची लकाकी पिऊन टाकतात आणि खर्जाला हातही लावत नाहीत. ५७ हर्ट्झची लाट सहा मीटरची, तिला इंचभर स्पंज म्हणजे हत्तीपुढे मच्छरदाणी. निकाल असा की खोली बहिरीही होते आणि घुमतही राहते.

खर्चाविना होण्यासारखं बरंच आहे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. दिवाण मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे घेता आला तर घ्या, फक्त खोलीच्या बरोबर मध्यावर आणू नका. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. शोकेसच्या खालच्या कप्प्यातला ट्वीटर आपल्या गुडघ्यांना गाणं ऐकवतो. टेबलावरचा मॉनिटर असेल तर थोडा तिरपा ठेवा, नाहीतर टेबलाचा पत्रा आपला पडसाद मिसळतो. बाजूच्या भिंतीवर, स्पीकर आणि आपण यांच्या साधारण मध्ये, पुस्तकांची मांडणी किंवा जाड पडदा आला तर शब्द लगेच सुटे होतात. आमच्याकडे तिथे गोधड्यांची चळत आहे.

स्पीकरची जागा शोधायची एक युक्ती तर फारच मजेची. स्पीकर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जाची एखादी एकसारखी चाल लावायची आणि आपण स्वतः भिंतीच्या कडेकडेनं, कान स्पीकरच्या उंचीवर ठेवून, रांगत जायचं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे स्पीकर ठेवायचा. ऐकणारा आणि वाजणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा खर्ज तोच राहतो, या नियमावर हे चालतं. घरी कुणी नसताना करावं, हे बरं.

आता संगणकाच्या मदतीनं खोलीचा दोष सुधारणारी यंत्रंही मिळतात. मायक्रोफोन ठेवून ती खोली मोजतात आणि जो सूर फुगलाय तो दाबतात. हे काम ती चांगलं करतात. पण जिथे सूर नाहीसा झालाय तिथे तो वाढवायला गेलं तर भिंतीवरून परतणारी लाटही तेवढीच वाढते आणि खड्डा तसाच राहतो. तो खुर्ची हलवूनच भरतो.

मग कुणी काय घ्यावं? जो घरी ध्वनिमुद्रण करतो, जुन्या टेपा उतरवतो, टेबलाशी बसून एकटाच ऐकतो, त्यानं मॉनिटर जरूर घ्यावेत, ते त्याच्या कामाचे आहेत. जिथे सहाजण सहा ठिकाणी बसून नाट्यगीतं ऐकतात, त्या दिवाणखान्यात एका खुर्चीला सत्य सांगणाऱ्या खोक्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे चांगली घरगुती जोडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत जाड पडदे. आणि नवी जोडी आली की तिची घाईनं परीक्षा करण्याआधी गाणं मोठ्यानं लावून खोलीत एक फेरी मारावी. कपाटाचं हँडल, खिडकीची सैल काच, शोकेसमधल्या कपबशा, यातलं काहीतरी हमखास थरथरत असतं, आणि तो दोष बिचाऱ्या स्पीकरच्या नावावर लागलेला असतो. आमच्याकडे पंख्याची वाटी वाजत होती. तिच्यात कागदाची घडी सारली, मग थांबली.